वाचकांचे प्रश्न : मोटर ऐकत नाही, दोष कुठे शोधावा?

रब्बीच्या पेरण्या जवळ आल्या की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा विषय बदलतो. या वेळच्या पत्रांत मायक्रोकंट्रोलरने (एका चिपवरच्या छोट्या संगणकाने) डीसी मोटरचा वेग नियंत्रित करण्याविषयीचे प्रश्न अधिक आहेत. बहुतेक वाचकांनी प्रोग्रॅमची पूर्ण प्रत पाठवली आहे, पण मोजलेले व्होल्टेज क्वचितच कोणी कळवले आहे. म्हणून आधीच एक विनंती करतो. मोटर भारावर चालू असताना बॅटरीच्या टोकांवर, बोर्डाच्या पाच व्होल्टच्या पिनवर आणि मोटरच्या टोकांवर किती व्होल्ट मिळतात, एवढे तीन आकडे पत्रात अवश्य लिहावेत. अशा तक्रारींत दोष बहुधा प्रोग्रॅमच्या बाहेर, बॅटरी ते मोटर या वाटेवर असतो, आणि तो या तीन आकड्यांतून बरेचदा उघड होतो.

प्रश्न : मी आयटीआयचा वायरमन अभ्यासक्रम पूर्ण केला असून घरची शेती पाहतो. हरभरा टोकण्यासाठी हाताने ढकलायचे यंत्र गावातल्या वेल्डरकडून बनवून घेतले. बियाण्याची चकती फिरवण्यासाठी भंगारातून आणलेली जीपची वायपर मोटर लावली आहे. बॅटरी फवारणी पंपाची, १२ व्होल्ट ८ अँपिअर-अवरची आहे. नियंत्रणासाठी आर्डुइनो उनो हा मायक्रोकंट्रोलर बोर्ड, मोटरला प्रवाह पुरवणारे एल२९८एन मॉड्यूल आणि वेगाचा नॉब आहे. नॉब अर्ध्याच्या पुढे जाईपर्यंत मोटर नुसती गुणगुणते आणि मग एकदम पळू लागते. वावरात भार आला की चकती मंदावते. सुरू करताना कधी कधी बोर्ड रीसेट होतो, आणि मॉड्यूलच्या हीट सिंकला (उष्णता बाहेर टाकणाऱ्या पत्र्याला) हात लावता येत नाही. प्रोग्रॅम अनेकदा बदलून पाहिला. चूक कुठे आहे? (दारव्हा तालुका, जि. यवतमाळ)

उत्तर : आपण पाठवलेला प्रोग्रॅम आम्ही वाचला. त्यात नॉबचे वाचन चारने भागून ० (बंद) ते २५५ (पूर्ण जोर) या मर्यादेत ९ क्रमांकाच्या पिनवर दिले आहे, आणि ते बरोबर आहे. आपली चारही लक्षणे प्रोग्रॅमबाहेरची आहेत आणि त्यांतली बहुतेक एकाच मुळातून आली आहेत : या मोटरला लागणारा प्रवाह त्या मॉड्यूलच्या आवाक्याबाहेरचा आहे.

हे आपण स्वतः मोजून पाहू शकता. मोटरशी एकसरीत वाहनाच्या हेडलाइटचा १२ व्होल्ट ५५ वॉटचा बल्ब जोडा, चकतीचा दांडा पान्याने घट्ट धरा आणि काही सेकंदांपुरता मीटर १० अँपिअरच्या पट्ट्यावर ठेवून प्रवाह मोजा; त्याच वेळी दुसऱ्या मीटरने मोटरच्या टोकांवरचे व्होल्टेज पाहा. बल्बमुळे प्रवाह साडेचार अँपिअरच्या आसपासच राहतो, त्यामुळे दांडा धरणाऱ्यालाही मोटरची पूर्ण ताकद झेलावी लागत नाही. समजा प्रवाह ४ अँपिअर आणि मोटरवर ३.२ व्होल्ट मिळाले, तर विंडिंगचा रोध ०.८ ओहम झाला, आणि तीच मोटर थेट १२ व्होल्टवर अडकून पडली तर १५ अँपिअर खेचेल. थांबलेली मोटर सुरू होताना पहिल्या क्षणी हाच प्रवाह मागते, कारण फिरल्यावर विंडिंगमध्ये जे विरोधी व्होल्टेज निर्माण होते ते त्या क्षणी शून्य असते. एल२९८ या चिपच्या एका वाहिनीची मर्यादा मात्र २ अँपिअर आहे.

या चिपची दुसरी मर्यादा तिच्या रचनेत आहे. तिच्यात बायपोलर ट्रान्झिस्टर असल्याने १ अँपिअर प्रवाहाला १.८ ते ३.२ व्होल्ट आणि २ अँपिअरला ४.९ व्होल्टपर्यंत व्होल्टेज चिपमध्येच खर्ची पडते. म्हणजे बॅटरीच्या बारापैकी मोटरपर्यंत कधी नऊ, तर कधी सातच व्होल्ट पोहोचतात आणि उरलेल्याची उष्णता होते. आपल्या हीट सिंकला हात लागत नाही तो याचमुळे. भार वाढला की मोटर अधिक प्रवाह मागते, प्रवाह वाढला की चिपमधील घट वाढते, आणि नेमकी जोर लावायच्या वेळीच मोटरचे व्होल्टेज कमी होते; वावरात चकती मंदावण्याचे हे कारण आहे.

नॉब अर्ध्यापुढे नेल्याशिवाय मोटर न हलण्यामागे आणखी एक बारकावा आहे. मॉड्यूलच्या ईएनए या टोकाला पल्स दिल्या की प्रत्येक पल्सनंतर चिपमधले सगळे ट्रान्झिस्टर बंद होतात, विंडिंगमधला प्रवाह डायोडांमधून उलट बॅटरीकडे ढकलला जातो आणि लगेच संपतो. त्यामुळे कमी ड्यूटीवर, म्हणजे पल्स चालू असण्याचा काळ थोडा असताना, सरासरी प्रवाह फार थोडा राहतो आणि वायपर मोटरच्या वर्म गिअरचे घर्षण त्याने सुटत नाही. एकदा ते सुटले की चालू घर्षण स्थिर घर्षणापेक्षा कमी असल्याने मोटर उसळते. त्याऐवजी ईएनए कायम पाच व्होल्टला जोडून, इन-वन आणि इन-टू यांपैकी एक टोक शून्यावर ठेवले आणि दुसऱ्याला पल्स दिल्या, तर बंद काळात प्रवाह मोटरमध्येच फिरत राहतो व कमी वेगावरचे नियंत्रण बरेच सुधारते. लहान मोटरसाठी हा बदल पुरेसा ठरतो, पण आपल्या मोटरसाठी नाही.

आपली चकती एकाच दिशेने फिरायची आहे. तेव्हा दिशा उलटवणाऱ्या मॉड्यूलची गरजच नाही. मोटरच्या मायनस बाजूला एक मॉस्फेट, म्हणजे स्विचसारखा उघडबंद होणारा ट्रान्झिस्टर, पुरेसा आहे. आयआरएलझेड४४एन हा मॉस्फेट घ्यावा. गेटला, म्हणजे त्याच्या नियंत्रणाच्या टोकाला, ५ व्होल्ट मिळाले की त्याचा रोध जास्तीत जास्त ०.०२५ ओहम असतो, म्हणजे ५ अँपिअरला सव्वाशे मिलिव्होल्टची घट आणि जेमतेम ०.६ वॉट उष्णता. दुकानात याऐवजी आयआरएफझेड४४एन किंवा आयआरएफ५४०एन पुढे केला जातो. नाव जवळचे असले तरी ते मॉस्फेट पूर्ण उघडायला गेटवर १० व्होल्ट लागतात. पाच व्होल्टवर ते अर्धवट उघडतात आणि तापतात. नावातले तिसरे अक्षर नीट वाचूनच पैसे द्यावेत.

पिन आणि गेट यांच्यामध्ये २२० ओहमचा रोधक लावा. उनोच्या पिनची कमाल मर्यादा ४० मिलिअँपिअर आहे आणि या रोधकाने प्रवाह साधारण २३ मिलिअँपिअरवर थांबतो. गेट आणि मायनस यांच्यामध्ये १० किलोओहमचा रोधक लावा, म्हणजे बोर्ड सुरू होत असताना पिन तरंगती असली तरी मोटर आपोआप दचकून फिरणार नाही. मॉस्फेट बंद होताना विंडिंगमधल्या प्रवाहाला वाट मिळावी म्हणून मोटरच्या टोकांवर शॉटकी (चटकन बंद होणारा) डायोड लावा, त्याची पट्टी प्लसकडे असावी. बॅटरीच्या प्लस टोकाजवळ वाहनात असतो तसा १० अँपिअरचा फ्यूज बसवा.

हे सर्व जोडण्यापूर्वी एक तपासणी करा, कारण भंगारातल्या वायपर मोटरने यात अनेकांना चकवले आहे. मीटर ओहमवर ठेवून मोटरची प्रत्येक वायर आणि तिचे लोखंडी अंग यांच्यातला रोध मोजा. अनेक जुन्या वायपर मोटरमध्ये मायनसचा ब्रश थेट अंगाला जोडलेला असतो. अशी मोटर लोखंडी सांगाड्यावर बसवली आणि सांगाड्याचा बॅटरीच्या मायनसशी कुठेही संबंध आला, तर प्रवाह मॉस्फेटला वळसा घालून जातो आणि नॉब कुठेही असला तरी मोटर पूर्ण वेगाने फिरते. रोध शून्याजवळ आल्यास मोटर रबराच्या किंवा फायबरच्या पट्ट्यांवर, बोल्टलाही फायबरचे वॉशर लावून बसवावी, नाहीतर प्लस बाजूने नियंत्रण करणारे बीटीएस७९६० चिपचे मॉड्यूल वापरावे. वायपर मोटरला तीन ब्रश असतात : एक सामाईक, एक मंद वेगाचा आणि एक जलद वेगाचा. आपल्याला सामाईक आणि मंद हीच जोडी वापरायची आहे.

आता रीसेटकडे वळू. आपण लिहिता की बॅटरीपासून यंत्रापर्यंत बारीक जोडवायर दोन मीटर आहे. ती ०.५ चौरस मिलिमीटर तांब्याची असेल तर जाऊन-येऊन चार मीटरचा रोध साधारण ०.१४ ओहम होतो, आणि १५ अँपिअरच्या क्षणी दोन व्होल्टहून अधिक घट फक्त वायरमध्ये होते. बॅटरी जुनी असेल तर तिच्या आतली घट वेगळी. बोर्डाला त्याच वायरच्या टोकावरून पुरवठा असल्याने त्याचे व्होल्टेजही त्याच क्षणी कोसळते आणि मायक्रोकंट्रोलर स्वतःला सुरक्षितपणे रीसेट करतो. मोटरसाठी २.५ चौरस मिलिमीटरची वायर वापरा. बोर्डाच्या प्लस आणि मायनस दोन्ही वायरी मोटरच्या वायरीवरून न काढता थेट बॅटरीच्या टोकांपासून वेगळ्या आणा. बोर्डाच्या प्लस वायरीत एक १एन४००७ डायोड आणि त्यापुढे १००० मायक्रोफॅरड २५ व्होल्टचा कपॅसिटर लावा. बोर्ड ५० मिलिअँपिअर घेत असेल तर हा कपॅसिटर सेकंदाला ५० व्होल्ट या गतीने रिकामा होतो, म्हणजे चार व्होल्टची घसरण व्हायला ८० मिलिसेकंद लागतात. मोटरचा पहिला झटका बहुधा तेवढ्यात ओसरतो. डायोडमुळे कपॅसिटरमधला साठा मोटरकडे परत जात नाही.

एवढे झाल्यावर मगच प्रोग्रॅमला हात लावा. सुरू करताना सुमारे पाव सेकंद जास्त ड्यूटी देऊन घर्षण सोडवायचे आणि मग नॉबच्या मूल्यावर यायचे, एवढी भर पुरेशी आहे.

चकतीचा वेग किती हवा, हा हिशेबही आपण केलेला दिसत नाही. ताशी ३ किलोमीटर चालताना मिनिटाला ५० मीटर अंतर कापले जाते. हरभऱ्याचे दोन दाण्यांतले अंतर १० सेंटिमीटर धरले तर मिनिटाला ५०० दाणे पडायला हवेत, म्हणजे १२ खाचांच्या चकतीचे मिनिटाला सुमारे ४२ फेरे. वायपर मोटर मंद वेगाला याच्या आसपासच फिरते, त्यामुळे हरभऱ्यासाठी आपली निवड चांगली आहे. सोयाबीनसाठी ५ सेंटिमीटर अंतर ठेवल्यास हेच फेरे ८३ होतील, जे या मोटरला भारावर झेपणार नाहीत. तेव्हा २४ खाचांची चकती करा आणि मोटर तिच्या सोयीच्या वेगावरच राहू द्या.

एक गोष्ट मनापासून सांगावीशी वाटते. नॉबने ठरवलेला वेग चालणाऱ्या माणसाच्या पावलाशी जुळत नाही. सकाळी भराभर चालणारा माणूस दुपारी उन्हात सावकाश चालतो आणि दाणे दाट पडू लागतात. यंत्राच्या जमिनीवरच्या चाकाचा घेर १२० सेंटिमीटर असेल तर चाकाच्या एका फेऱ्यात १२ दाणे, म्हणजे चकतीचा नेमका एक फेरा हवा. ते काम सारख्या दातांची दोन चक्रे आणि सायकलची साखळी विजेशिवाय करते. पिकागणिक अंतर बदलायचे असेल आणि दरवेळी चक्र बदलणे नको असेल, तरच मोटरचा खटाटोप सार्थ आहे. त्या वेळी चाकावर चुंबके व ती समोरून जाताच पल्स देणारा हॉल सेन्सर बसवून चाकाच्या गतीवरून मोटरची गती ठरवावी, आणि नॉबने फक्त अंतर निवडावे.

प्रश्न : धान उफणण्याच्या पंख्याची मोटर गुणगुणत होती म्हणून ५ क्रमांकाच्या पिनची वारंवारिता वाढवली. आवाज गेला, पण प्रोग्रॅममधला दहा सेकंदांचा थांबा आता क्षणात संपतो. (आमगाव तालुका, जि. गोंदिया)

उत्तर : उनोवर ५ आणि ६ या पिना टायमर शून्यवर (चिपमधल्या तीन कालमापकांपैकी पहिल्यावर) चालतात, आणि डिले व मिलिस ही दोन्ही फंक्शन्स त्याच टायमरवर वेळ मोजतात. त्याचा भाजक (मूळ घड्याळाचा वेग ज्याने भागला जातो तो आकडा) ६४ वरून १ केल्याने प्रोग्रॅमचे घड्याळ ६४ पट वेगाने धावते आणि दहा सेकंद सुमारे ०.१६ सेकंदात संपतात. मोटर ९ किंवा १० क्रमांकाच्या पिनवर हलवा. त्या टायमर एकवर आहेत आणि तिथे भाजक ८ केल्यास वारंवारिता ४९० वरून सुमारे ३,९२० हर्ट्झ होते. सर्व्हो लायब्ररी वापरत असाल तर ती हाच टायमर घेते, हे लक्षात ठेवा. गुणगुण पूर्ण घालवण्यासाठी ३१ किलोहर्ट्झवर जाण्याचा मोह होईल. पण पिनवरून थेट चालवलेल्या मॉस्फेटचा गेट भरायला साधारण चार मायक्रोसेकंद लागतात. ३१ किलोहर्ट्झला पूर्ण आवर्तनच ३२ मायक्रोसेकंदांचे असल्याने मॉस्फेट बराच वेळ अर्धवट उघडा राहून तापेल. तितक्या वर जायचे तर मध्ये टीसी४४२७ यासारखी गेट ड्रायव्हर चिप हवी.

प्रश्न : मी पॉलिटेक्निकच्या शेवटच्या वर्षाला आहे. संत्र्यांची आकारानुसार प्रतवारी करणाऱ्या पट्ट्याचे प्रारूप प्रकल्पासाठी करत आहोत. मोटर २४ व्होल्टची, १:५० गिअरबॉक्सची आहे. पट्ट्याच्या ६० मिलिमीटर व्यासाच्या रोलरवर एक चुंबक आणि समोर ए३१४४ हॉल सेन्सर आहे. दर सेकंदाला पल्स मोजून पीआय पद्धतीने (वेगातली चूक आणि चुकांची बेरीज यांवरून जोर ठरवून) वेग स्थिर ठेवायचा प्रयत्न केला, तर पट्टा झटक्याने धावतो, थांबतो, पुन्हा धावतो. गुणांक बदलून थकलो. शिवाय शेजारचा ग्राइंडर सुरू झाला की वेगाचा आकडा उड्या मारतो. (वरुड तालुका, जि. अमरावती)

उत्तर : पीआयचे गुणांक बदलून हा दोष जाणार नाही, कारण नियंत्रकाला मिळणारी माहितीच अपुरी आहे. आपल्याला पट्टा सेकंदाला १० सेंटिमीटर हवा आहे. रोलरचा घेर सुमारे १८.८ सेंटिमीटर असल्याने रोलर सेकंदाला ०.५३ फेरे घेतो आणि पल्स साधारण दर १.९ सेकंदांनी एक येते. एक सेकंदाच्या खिडकीत आपल्याला कधी शून्य मिळते, कधी एक. शून्य मिळाले की नियंत्रकाला पट्टा थांबलेला वाटतो आणि तो जोर वाढवतो. एक मिळाली की वेग दुप्पट झाल्यासारखा दिसतो आणि तो जोर काढून घेतो. पट्टा नियंत्रकाच्या आज्ञा अचूक पाळतो आहे. आज्ञाच चुकीच्या माहितीवर निघत आहेत.

चुंबक रोलरवरून काढून गिअरबॉक्सच्या आधीच्या, मोटरच्या मागच्या दांड्यावर बसवा. तो ५० पट वेगाने फिरत असल्याने सेकंदाला सुमारे २६ पल्स मिळतील. मागचा दांडा बाहेर आलेला नसेल तर रोलरवर आठ चुंबके समान अंतरावर लावणे हा दुसरा, थोडा कमी चांगला मार्ग आहे. त्याबरोबर पल्स मोजणे सोडून दोन पल्समधला काळ मायक्रोसेकंदांत मोजा आणि त्यावरून वेग काढा. मंद वेगाला मोजणीपेक्षा कालमापन नेहमी अधिक बारीक माहिती देते. नियंत्रणाची गणना दर १०० मिलिसेकंदांनी करा. पल्स ३८ मिलिसेकंदांनी येत असताना त्याहून घाई करण्यात अर्थ नाही.

आपल्या प्रोग्रॅममध्ये मात्र चार दुरुस्त्या हव्यात. इंटरप्टमध्ये (पल्स येताच मुख्य काम थांबवून चालणाऱ्या भागात) बदलणाऱ्या चलांना व्होलटाइल म्हणून घोषित करा. ती चले एका बाइटपेक्षा मोठी असल्याने मुख्य भागात त्यांची प्रत घेताना इंटरप्ट क्षणभर बंद ठेवा, नाहीतर अर्धी जुनी आणि अर्धी नवी संख्या हाती येते. आपण ६०००० ही संख्या इंट प्रकारच्या चलात ठेवली आहे; उनोवर इंट ३२,७६७ पर्यंतच जातो, त्यामुळे तिथे ऋण संख्या साठते. वेळेच्या सर्व गणना अनसाइन्ड लाँगमध्ये करा. आणि जोर २५५ वर पोहोचला असताना चुकांची बेरीज पुढे वाढवत नेऊ नका, नाहीतर पट्ट्यावरचा अडथळा दूर झाल्यावरही साठलेली बेरीज त्याला बराच वेळ पळवत राहील. सुरुवात फक्त प्रमाण गुणांकाने करा. वेग अपेक्षेपेक्षा थोडा कमी पण स्थिर राहू लागला की मग बेरजेचा गुणांक शून्यापासून हळूहळू वाढवा.

ग्राइंडरमुळे आकडा उडतो याचे कारण सेन्सरचे उत्पादन टोक तरंगते आहे. ए३१४४ फक्त मायनसकडे खेचू शकतो. प्लसकडे नेण्यासाठी त्या टोकाला आणि पाच व्होल्टला जोडणारा १० किलोओहमचा रोधक बाहेरून लावावा लागतो, आणि आपल्या आकृतीत तो नाही. बोर्डाच्या आतील रोधक २० ते ५० किलोओहमचा असतो. लांब वायरीला तो दुबळा पडतो. सेन्सरच्या वायरी एकमेकींत पिळून मोटरच्या वायरींपासून दूर न्या. मोटरच्या दोन टोकांमध्ये आणि प्रत्येक टोक व मोटरचे अंग यांमध्ये ०.१ मायक्रोफॅरडचे सिरॅमिक कपॅसिटर थेट मोटरवरच रेण लावून जोडा, म्हणजे ब्रशच्या ठिणग्यांचा उपद्रवही थांबेल. मोटरची कमाल गती मिनिटाला ३००० फेरे धरली तरी दोन पल्समध्ये २० मिलिसेकंदांचे अंतर राहते, म्हणून ५ मिलिसेकंदांच्या आत आलेली पल्स प्रोग्रॅमने खुशाल नाकारावी.

प्रतवारीचा पट्टा माणसांच्या हाताजवळ चालणार आहे, म्हणून पुढची सूचना प्रकल्पाच्या गुणांपेक्षा महत्त्वाची समजा. सेन्सरची वायर तुटली तर नियंत्रकाला वेग शून्य दिसेल आणि तो पट्टा पूर्ण जोराने पळवील. जोर दिलेला असूनही अर्धा सेकंद एकही पल्स आली नाही, तर मोटर बंद करून लाल दिवा लावायचा आणि माणसाने बटण दाबल्याशिवाय पुन्हा सुरू करायची नाही, अशी व्यवस्था प्रोग्रॅममध्ये असलीच पाहिजे. परीक्षकांसमोर सेन्सरची वायर स्वतः काढून ती दाखवावी.

प्रश्न : बॅटरीवरच्या फवारणी पंपाचा वेगाचा नॉब बिघडला म्हणून आर्डुइनो नॅनो आणि आयआरएफझेड४४एन मॉस्फेट वापरून नवा जोडला. काही वेळ चांगला चालतो. मग नॉब शून्यावर आणला तरी पंप पूर्ण वेगाने चालूच राहतो. मॉस्फेट बदलला की काही काळ ठीक, पुन्हा तेच. १एन४००७ डायोड बोर्डावर लावलेला आहे. (तेल्हारा तालुका, जि. अकोला)

उत्तर : पंप उघडण्याआधी टाकी, नळी आणि पंपाचे तोंड साबणाच्या पाण्याने धुऊन, हातमोजे घालूनच काम करा. मोटर टाकीच्या तळाशी असते आणि औषधाचा ओलावा नेमका तिथेच साचतो. २०१७च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवरील फवारणीत विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले, हे आपल्या भागात कोणालाही नव्याने सांगायला नको. दुरुस्तीच्या वेळची हलगर्जीही तितकीच घातक ठरू शकते.

नॉब शून्यावर असताना पंप चालतो याचा अर्थ मॉस्फेटची ड्रेन आणि सोर्स ही प्रवाहाची दोन टोके आतून जुळून गेली आहेत. मॉस्फेट सर्किटमधून काढून मीटर कंटिन्युइटीवर ठेवा. दोन्ही दिशांनी आवाज आला तर तो गेला आहे. मरण्याची कारणे आपल्या जोडणीत दोन दिसतात. पहिले वर दारव्ह्याच्या वाचकांना सांगितले तेच : हा मॉस्फेट पाच व्होल्टवर पूर्ण उघडत नाही, म्हणून तापत राहतो. त्याजागी आयआरएलझेड४४एन लावा. दुसरे कारण डायोड. १एन४००७ हा १ अँपिअरचा आणि ५० हर्ट्झच्या घरगुती विजेसाठी योग्य असा संथ डायोड आहे. मॉस्फेट पुन्हा उघडतो त्या क्षणी तो लगेच बंद होत नाही, तेवढ्या वेळात बॅटरी जणू डायोड आणि मॉस्फेटमधून शॉर्ट होते, आणि हे सेकंदाला शेकडो वेळा घडते. ३ अँपिअरचा १एन५८२२ शॉटकी डायोड लावा आणि तो बोर्डावर न ठेवता मोटरच्या टोकांवर लावा. पंपाच्या डोक्यावर दाबाचा स्विच असतो आणि तो मोटरशी एकसरीत असतो. डायोड बोर्डाकडे राहिला तर स्विच उघडताना विंडिंगमधल्या ऊर्जेला वाट मिळत नाही आणि स्विचचे संपर्क जळतात.

वेग फार कमी केला तर दाब उतरून नोझलमधून बारीक तुषारांऐवजी मोठे थेंब पडू लागतात, औषध पानावर न टिकता ओघळते. म्हणून प्रोग्रॅममध्ये नॉबची खालची मर्यादा शून्य न ठेवता, आपल्या नोझलने फवारा जिथे नीट उघडतो ते मूल्य प्रत्यक्ष पाण्यावर पाहून ठेवा आणि त्याखाली मोटर सरळ बंद करा.

नवा मॉस्फेट बसवल्यावर पंपाऐवजी १२ व्होल्ट २१ वॉटचा वाहनाचा बल्ब जोडून पाहा. नॉबबरोबर उजेड शून्यापासून पूर्णापर्यंत सलग वाढला आणि पाच-दहा मिनिटांनंतर मॉस्फेटला बोट टेकवता आले, तरच पंप जोडा. मॉस्फेट जळतो तेव्हा बहुधा असाच चालू स्थितीत जळतो आणि नॉबने पंप थांबत नाही, त्यामुळे बॅटरीच्या प्लस वायरीवर फ्यूज आणि हाताला सहज सापडेल असा मुख्य स्विच असल्याखेरीज तो पंप पाठीवर घेऊ नये.